शहराची चित्रे आणि शहराचे कर्ज

घरावर कर्जाचा बोजा चढला म्हणजे प्रथम काय विकावयाचे, याचा एक अलिखित क्रम आपल्या संसारात ठरून गेलेला असतो. आधी तांब्यापितळेची जड भांडी बाजारात जातात, मग गोठ्यातील जनावर, मग गृहिणीच्या अंगावरील सोने, आणि अगदीच निभाव लागेना तेव्हा जमिनीचा तुकडा. भिंतीवरील चित्र या यादीत सहसा नसते. त्यास गिऱ्हाईक मिळत नाही, एवढेच त्याचे कारण. परंतु त्या चित्रास दहा-वीस कोटी डॉलर देणारे गिऱ्हाईक उभे असेल, घरातील वृद्धांच्या भाकरीपुरताही पैसा उरला नसेल, आणि घेणेकरी दारात बसून त्या चित्राकडेच बोट दाखवीत असतील, तर घरच्या माणसांनी काय करावे? अमेरिकेतील डेट्रॉइट शहरावर २०१३ साली हा प्रसंग अक्षरशः गुदरला.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० मध्ये तेथे साडेअठरा लक्ष लोक राहत होते. २०१३ मध्ये ती वस्ती सात लक्षांच्या आसपास येऊन ठेपली. या ओसरत्या शहरातील वुडवर्ड मार्गावर पांढऱ्या संगमरवराची एक भव्य वास्तू उभी आहे. तिचे नाव ‘डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स’. साठ हजारांहून अधिक कलावस्तू तिच्यात आहेत. वर्षभर तेथे निरनिराळी प्रदर्शने भरतात, संग्रहालयाच्याच छपराखाली एक चित्रपटगृह चालते, आणि वर्गणी भरणाऱ्या नागरिकास सभासद करून घेतले जाते. प्रदर्शने, चित्रपट, सभासदत्व हा प्रकार मोठमोठ्या शहरांत सर्वत्र आढळतो. वाचकांस त्यात विशेष ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. डेट्रॉइटच्या लोकांसही २०१३ पर्यंत बहुधा तसेच वाटत असावे.

या संग्रहालयाचा जन्म एका प्रदर्शनातूनच झाला. तेथील एका सायंदैनिकाच्या जाहिरात विभागाचे प्रमुख विल्यम ब्रिअर्ली यांनी १८८३ च्या सप्टेंबरात गावोगावच्या घरांतून उसनी मागून आणलेल्या चित्रांचे एक प्रदर्शन भरविले. दहा आठवड्यांत सव्वा लक्षाहून अधिक माणसे ते पाहून गेली. लोकांचा हा ओढा पाहून टॉमस पामर नावाच्या श्रीमंत गृहस्थांनी जाहीर केले की, आणखी चाळीस जण प्रत्येकी एक हजार डॉलर देतील तर आपण दहा हजार डॉलर देऊ. माणसे मिळाली. वृत्तपत्राचे मालक जेम्स स्क्रिप्स यांनी तर पन्नास हजार दिले. १८८५ मध्ये संस्था नोंदली गेली. कलेचे हे घर राजाने बांधले नाही आणि सरकारनेही नाही. ते वर्गणीतून उभे राहिले.

पुढे मात्र वर्गणी पुरेना. शहराने आपल्या तिजोरीतून मदत द्यावयास आरंभ केला. परंतु खासगी संस्थेस करदात्यांचा पैसा देता येत नाही, असा निर्णय मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये दिला. तेव्हा कारभाऱ्यांनी तोड काढली ती अशी: खासगी संस्थेस पैसा देता येत नसेल, तर संस्थाच शहराच्या नावे करून टाकावी. १९१९ मध्ये इमारत आणि चित्रे शहराच्या मालकीची झाली. देणगीदारांचे सभासद-मंडळ शिल्लक राहिले आणि आपल्या निधीतून वस्तू विकत घेऊन संग्रहात घालीत राहिले. ज्यांनी ही व्यवस्था केली त्यांस ती अत्यंत सुरक्षित वाटली असणार. शहर दिवाळे काढील, ही कल्पना १९१९ मध्ये कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. त्या वेळी पैसा इतका वाहत होता की, १९२२ मध्ये शहराने व्हॅन गॉगचे एक आत्मचित्र विकत घेतले. अमेरिकेतील सार्वजनिक संग्रहालयात आलेले व्हॅन गॉगचे ते पहिले रंगचित्र होय. १९२७ मध्ये पॉल क्रे या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली आजची इमारत उघडली. १९३० मध्ये विल्यम व्हॅलेंटिनर या जर्मन संचालकांनी पीटर ब्रूगेलचे ‘लग्नातील नृत्य’ हे १५६६ सालचे चित्र शहरासाठी मिळविले. शेतकऱ्यांच्या एका लग्नात सव्वाशेच्या आसपास माणसे उघड्यावर बेभान नाचत आहेत, नवरी नेमकी कोठे आहे हे शोधावे लागते, असे ते चित्र आहे.

मग मंदीची लाट आली. मार्च १९३२ मध्ये फोर्डच्या कारखान्यावर चालून गेलेल्या बेकारांवर गोळीबार झाला व त्याच जागी चार जण ठार झाले. पुढच्याच महिन्यात मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा आपली पत्नी फ्रिडा काहलो हिच्यासह डेट्रॉइटमध्ये उतरला. तो उघड उघड कम्युनिस्ट, आणि त्याचा खर्च सोसणारा कोण, तर हेन्री फोर्ड यांचा एकुलता एक मुलगा एडसेल. संग्रहालयाच्या मधल्या चौकातील दोन भिंती दहा हजार डॉलरांत रंगवावयाच्या, असे प्रथम ठरले होते. रिव्हेरा कारखान्यांतून महिनोन्महिने हिंडला, रेखाटने केली, आणि त्याने चारही भिंती मागितल्या. एडसेलने रक्कम दुपटीहून थोडी वाढविली. ओल्या गिलाव्यावर रंगविलेली ती सत्तावीस भित्तिचित्रे मार्च १९३३ मध्ये लोकांस खुली झाली.

या ठिकाणी आपल्या वाचकांचे लक्ष एका चौकटीकडे मी मुद्दाम वेधू इच्छितो, कारण तिच्यावरून जे वादळ उठले त्यात ख्रिस्तसभेची माणसेही होती. उत्तरेकडील भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात एका बालकास लस टोचली जात आहे. शुभ्र टोपी घातलेली परिचारिका त्यास धरून आहे. बालकाचे सोनेरी केस डोक्याभोवती तेजोवलयासारखे दिसतात. पुढ्यात घोडा, गाय आणि मेंढरे उभी आहेत. मागे तीन शास्त्रज्ञ आपल्या कामात गढलेले आहेत. नाताळात गव्हाणी मांडणाऱ्या कोणाही माणसास येथे काय सुचविले आहे, हे सांगावे लागत नाही. पवित्र कुटुंबाची ही विटंबना आहे, असे काही धर्मगुरूंनी म्हटले. एका कॅथलिक महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी संपूर्ण चित्रमालिकेचाच निषेध केला. आणि एका प्रमुख दैनिकाने भिंतींवर सरळ चुना फिरवावा, अशी सूचना अग्रलेखातून केली.

त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता, असे मी म्हणणार नाही. रिव्हेरा नास्तिक होता. हे साम्य त्याने जाणूनबुजून साधले होते. आणि आता तारण विज्ञानाकडून व्हावयाचे आहे, असे सुचविण्याचा त्याचा हेतू असला तर त्यात नवल नाही. श्रद्धावंताचे मन त्याने दुखावले तर त्याच्या दुःखास मान दिला पाहिजे. तथापि चित्राकडे थोडे अधिक वेळ पाहिले म्हणजे दुसरीही एक गोष्ट दिसते. ती जनावरे गव्हाणीतून उसनी आणलेली नाहीत. त्या काळी देवी काढण्याची लस वासराच्या अंगावर वाढवीत. घटसर्पावरील औषध घोड्याच्या रक्तातून काढीत. मुके प्राणी बालकाच्या प्राणरक्षणास हजर आहेत, हे त्या चौकटीत शब्दशः खरे आहे. आपल्या घरी देवीने गेलेल्या भावंडांची नावे ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहेत, त्यांस त्या परिचारिकेच्या हातात पवित्र असे काहीच दिसू नये, हे मला पटत नाही.

शिवाय सुवार्तेतील प्रसंग आपल्या गावात आणून बसविण्याची रीत रिव्हेराने काढलेली नाही. ज्या ब्रूगेलच्या लग्नाच्या चित्राचा वर उल्लेख केला, त्यानेच त्याच १५६६ साली बेथलेहेमची शिरगणती रंगविली. त्यात मारिया आणि योसेफ बर्फाने भरलेल्या एका फ्लेमिश खेड्यात, सामान्य प्रवाशांसारखे, कोणाच्या लक्षातही न येता चालले आहेत. तेव्हाही कोणाच्या भुवया उंचावल्या असतील. आज ते चित्र आपण भक्तिभावाने पाहतो.

भिंतींस चुना लागला नाही, याचे श्रेय दोघांस आहे. एडसेल फोर्ड आणि व्हॅलेंटिनर मागे हटले नाहीत. आणि लोक पाहावयास आले. एका रविवारी तर सुमारे दहा हजार माणसे त्या चौकातून गेली. ज्या कामगारांचे घामाने निथळणारे देह भिंतींवर होते, ते किंवा त्यांचे शेजारी त्या गर्दीत होते. नागरिकांनी चित्रांच्या रक्षणार्थ एक मंडळही स्थापन केले. वाद मात्र पुरता शमला नाही. कम्युनिस्टांविरुद्ध अमेरिकेत हवा तापली होती, त्या १९५२ च्या सुमारास संग्रहालयाने चौकात एक फलक लावला. रिव्हेराचे राजकारण आम्हांस तिरस्करणीय वाटते, परंतु त्याची कला उत्तम आहे, अशा आशयाचा तो होता. एखाद्या संस्थेने आपली चित्रे वाचविण्यासाठी लिहिलेला इतका प्रामाणिक आणि इतका अवघडलेला मजकूर क्वचितच आढळेल.

आता चित्रपटांविषयी. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये भीषण दंगल झाली, त्रेचाळीस माणसे मेली, आणि आधीच सुरू झालेले शहराबाहेरचे स्थलांतर वेगाने वाढले. अशा शहरात रात्री बाहेर पडून काही पाहावयास जावे, ही सवयच मोडते. १९७४ मध्ये संग्रहालयाच्या १९२७ च्या जुन्या सभागृहात ‘डेट्रॉइट फिल्म थिएटर’ सुरू झाले. एलियट विल्हेल्म या गृहस्थांनी अनेक दशके त्याची निवड सांभाळली. साध्या व्यापारी चित्रगृहांत कधी न येणारे देशोदेशींचे चित्रपट, जुने मूकपट व त्यांस प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यांची साथ, ऑस्करसाठी निवडले गेलेले लघुपट असे सारे अकराशेहून अधिक आसनांच्या त्या देखण्या सभागृहात दाखविले जाऊ लागले. संग्रहालयात चित्रपटाचे काय काम, असे विचारणारे आपल्यातही निघतील. पण भिंतीवरचे चित्र एकट्याने पाहावयाचे असते, आणि पडद्यावरचे शेकडो अनोळखी माणसांच्या सोबतीने. ज्या शहरात शेजारी शेजाऱ्यास भिऊ लागला होता, तेथे काळ्यागोऱ्या माणसांनी दोन तास एका अंधारात निर्धास्त बसावे, हीही काही लहान गोष्ट नव्हे.

सभासद वाढले तरी कोणत्याही मोठ्या संग्रहालयाचा खर्च केवळ वर्गणीतून भागत नाही. राज्याची मदत आटत गेली. शेवटी २०१२ च्या ऑगस्टात संग्रहालयाने मतदारांकडे झोळी पसरली. डेट्रॉइट व भोवतालचा प्रदेश वेन, ओकलंड आणि मॅकोम्ब या तीन परगण्यांत मोडतो. घरांच्या करपात्र मूल्यावर दर एक लक्ष डॉलरांस वर्षाला वीस डॉलर, असा कर दहा वर्षे द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यात त्या परगण्यातील प्रत्येकास संग्रहालय फुकट पाहावयास मिळेल, असा तो प्रस्ताव होता. मंदीने पोळलेले लोक स्वतःहून कर वाढवून घेतील, यावर कोण विश्वास ठेवील? तरी तिन्ही परगण्यांनी तो मंजूर केला. मॅकोम्बमध्ये अगदी थोडक्या मतांनी. एका अर्थी लाखो माणसे त्या दिवशी सभासद झाली.

आणि त्यास वर्ष होते न होते तोच, १८ जुलै २०१३ रोजी, डेट्रॉइट शहराने न्यायालयात दिवाळे जाहीर केले. कर्ज सुमारे १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेतील कोणत्याही शहराने काढलेले तोवरचे ते सर्वांत मोठे दिवाळे होय.

१९१९ ची सुरक्षित व्यवस्था आता उलटली. चित्रे शहराची, शहर बुडाले, म्हणजे चित्रे घेणेकऱ्यांची, असा हिशेब मांडण्यात येऊ लागला. ही चित्रे लोकांसाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली आहेत, ती विकता येणार नाहीत, असे मत राज्याच्या महाधिवक्त्यांनी दिले. पण ते मत म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. क्रिस्टीज या लिलावसंस्थेस बोलावून शहराच्या पैशाने घेतलेल्या सुमारे २,८०० वस्तूंची किंमत काढविण्यात आली. ती ४५ कोटी ४० लक्ष ते ८६ कोटी ७० लक्ष डॉलरांच्या दरम्यान भरली. एकट्या ब्रूगेलच्या त्या लग्नाची किंमत दहा ते वीस कोटी! सभासदांनी आणि देणगीदारांनी दिलेल्या वस्तू या मोजणीत नव्हत्या; एडसेलने देणगी दिलेली रिव्हेराची भित्तिचित्रेही नव्हती.

दुसऱ्या बाजूस वीस हजारांहून अधिक निवृत्त सेवक होते. कचरा उचलणारे, बस हाकणारे, आग विझविणारे, कचेरीत कारकुनी केलेले. सामान्य सेवकाची पेन्शन सरासरी वर्षाला १९,००० डॉलरांच्या घरात होती. अमेरिकेत एवढ्या रकमेत म्हातारपण कष्टानेच निघते. त्यांची पेन्शन पुष्कळ अंशी कापावी लागेल, असे सांगण्यात येत होते. या घटकेस प्रश्नाचे खरे स्वरूप उघडे पडले. कलेवर प्रेम करणाऱ्याने सद्‌गदित होऊन ‘चित्रे अमूल्य आहेत’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु चाळीस वर्षे शहराची सेवा केलेल्या विधवेच्या समोर उभे राहून ते म्हणता येईल काय? भुकेल्यास अन्न द्यावे, हे आपणांस बालपणी प्रश्नोत्तरीत पाठ करविले गेले आहे; चित्रे राखावीत, हे नव्हे. घेणेकऱ्यांत कर्जरोख्यांचा विमा उतरविणाऱ्या धनाढ्य कंपन्या नसत्या, केवळ हे वृद्धच असते, तर माझे स्वतःचे मत कोणत्या बाजूस झुकले असते ते मला ठाऊक आहे.

तोड निघाली ती न्यायाधीश जेराल्ड रोझन यांच्या मध्यस्थीने. त्यांनी २०१३ च्या नोव्हेंबरात मोठमोठ्या धर्मादाय संस्थांच्या प्रमुखांस एकत्र बोलाविले. योजना अशी की, बाहेरून पैसा उभा करावयाचा, तो सर्वच्या सर्व पेन्शन-निधीत घालावयाचा, आणि त्याच्या बदल्यात चित्रे शहराच्या मालकीतून कायमची सोडवून संग्रहालयाच्या विश्वस्त संस्थेकडे द्यावयाची. चित्रे वाचवावीत म्हणून देणारा पैसा देई आणि तो जाई म्हाताऱ्यांच्या हाती. पेन्शन वाचावी म्हणून देणाऱ्याच्या पैशाने चित्रे सुटत. धर्मादाय संस्थांनी ३६ कोटी ६० लक्ष डॉलर कबूल केले. त्यांत सर्वांत मोठा, साडेबारा कोटींचा वाटा फोर्ड फाउंडेशनचा होता. आणि ती संस्था १९३६ मध्ये स्थापन करणारा तोच एडसेल फोर्ड, ज्याने रिव्हेरास चार भिंती दिल्या! मिशिगन राज्याने वीस वर्षांच्या हिशेबाने ३५ कोटी धरून त्याची रक्कम एकदम चुकती केली. संग्रहालयाने दहा कोटी जमविण्याचे पत्करले. तिन्ही मोटार कंपन्यांनी मिळून त्यात दोन कोटी साठ लक्ष घातले, आणि पॉल शाप या निवृत्त रसायनशास्त्रज्ञाने आपल्या खिशातील पन्नास लक्ष डॉलर देऊ केले. एकूण बेरीज ८१ कोटी ६० लक्ष.

तरीही निवृत्तांस झळ बसलीच, हे या कथेचा गोड भाग सांगणारे बहुधा गाळतात. सामान्य सेवकांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी घटली, महागाईप्रमाणे होणारी वार्षिक वाढ थांबली, आणि काहींच्या बचतखात्यांवर पूर्वी दिलेले जादा व्याजही वसूल झाले. आरोग्यविम्यावर तर मोठीच कुऱ्हाड पडली. योजना नाकारली असती तर कपात सत्तावीस टक्क्यांपर्यंत गेली असती. २०१४ च्या जुलैत मोजलेल्या मतांत सामान्य निवृत्तांपैकी मत देणाऱ्या ७३ टक्क्यांनी आणि पोलीस-अग्निशामकांपैकी ८२ टक्क्यांनी ‘होय’ म्हटले. ते सगळे आनंदाने म्हटले असेल, असे समजण्याचे कारण नाही. त्या मतांवर संग्रहालय उभे आहे. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजनेस मान्यता दिली.

मार्च २०१५ मध्ये संग्रहालयाने पहिले मोठे प्रदर्शन भरविले ते रिव्हेरा आणि फ्रिडा काहलो यांच्या डेट्रॉइटमधील दिवसांचे. गिलाव्यावर उतरविण्यापूर्वी रिव्हेराने कागदावर काढलेली, वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली प्रचंड रेखाटने त्यात उलगडली गेली. त्यांच्या सोबत फ्रिडाचे एक लहानसे चित्र होते. १९३२ च्या जुलैत हेन्री फोर्ड इस्पितळात तिचे मूल पोटातच गेले. त्या खाटेचे ते चित्र. बाहेर चौकात, पूर्वेच्या भिंतीवर, तिच्या पतीने एका कंदाच्या पोटात निजलेले अर्भक रंगविले आहे. दोन्ही एकाच छपराखाली पाहता आली, ती त्या वर्षी विक्री टळली म्हणून.

तीन परगण्यांतील रहिवाशांस आज प्रवेशमूल्य नाही. कराच्या पैशातून शाळांच्या मुलांसाठी बसगाड्या जातात, आणि पंचावन्न वर्षांवरील मंडळींसाठी गुरुवारी खास कार्यक्रम असतात. प्रवेश फुकट असूनही लोक वर्गणी भरून सभासद होतात. त्यांस विशेष प्रदर्शनांची प्रवेशपत्रे व चित्रपटांस सवलत मिळते, हे खरे. पण त्या हिशेबाने वर्गणी नेहमीच फिटत असेल असे नाही. मार्च २०२० मध्ये तिन्ही परगण्यांनी कर आणखी दहा वर्षांसाठी मंजूर केला. धर्मादाय संस्थांनी कबूल केलेले हप्ते वीस वर्षांचे असल्यामुळे पेन्शन-निधीत अद्याप पडत आहेत; आणि शहरास मिळालेली दहा वर्षांची सूट संपल्यावर, २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून, ते स्वतःही निवृत्तांच्या पेन्शनीत आपला वाटा पुन्हा घालू लागले आहे.